मदत हवी आहे: वॉलेट बदलून परत येणाऱ्या व्यापाऱ्याला ब्लॉकचेनवर ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्यात, चंदगडच्या हद्दीला लागून. गेल्या हंगामात काकांनी 42 पोती रताळी एका व्यापाऱ्याला उधारीवर दिली. हातात काय, तर पेन्सिलनं वजन लिहिलेली चिठ्ठी. पैसे आले नाहीत, फोन बंद. दोन महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या नावाचं चिठ्ठीपुस्तक घेऊन शेजारच्या गावात माल उचलत होता!

म्हणून आम्ही तिघं इथेरियम या ब्लॉकचेनच्या (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली, मागाहून न पुसता येणारी नोंदवही) टेस्टनेटवर, म्हणजे चाचणीच्या जाळ्यावर, पत नोंदवणारं कॉन्ट्रॅक्ट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लिहितोय. व्यवहार पुरा झाला की दोघांनी एकमेकांना गुण द्यायचे. चाचणीच्या पहिल्याच दिवशी मित्रानं दहा वॉलेटं (ब्लॉकचेनवरची खाती, नाव-गाव न सांगता कितीही उघडता येतात) उघडली, आपसात गुण वाटले आणि यादीत सगळ्यात वर जाऊन बसला. याला सिबिल हल्ला म्हणतात (कर्जाच्या सिबिलशी संबंध नाही).

ओळखपत्र सक्तीचं करावं, तर आमच्याकडं कर्नाटकात शेतकऱ्याचा एफआयडी नंबर (सरकारी नोंदणी क्रमांक), पलीकडच्या महाराष्ट्रातल्या चंदगडकरांकडं सातबारा. बाजार एकच, कागद दोन राज्यांचे. इथेरियमचा व्हॅलिडेटर (व्यवहार तपासणारा) किमान 32 इथर (तिथलं चलन) अडकवतो तशी अनामत मागावी, तर अर्ध्या एकरवाला दारातच अडतो, आणि त्यानं तर कुणाला बुडवलेलं नाही.

2003 चं आयगनट्रस्ट (पत मोजायची एक पद्धत) हेही लावून बघितलं. त्यात आधीपासून भरवशाच्या काही जणांपासून पत पुढं पसरते. पण ते भरवशाचे कोण, हे गावात ठरवायला बसलं की भांडणच. कुणी असं काही प्रत्यक्ष चालवलंय का?

प्रतिसाद 1
अनामत शेतकऱ्याकडं मागूच नका, उधारी घेणाऱ्याकडं मागा. नव्या वॉलेटची पत शून्य धरा: रोखीनं माल खुशाल घ्या, उधारी बंद. मग वॉलेट बदलून हाती काही लागत नाही. उधारी हवीच असेल तर जुन्या सभासदानं जामीन राहायचं. पैसे बुडाले की जामीनदाराचीही पत कापायची. पतसंस्थेत दुसरं काय करतात? आणि काटेवाल्याची तिसरी सही नसेल तो व्यवहार गुणांत धरू नका. काट्यावर खोटं वजन पडलं तर ब्लॉकचेन ते खोटंच जपून ठेवते. एफआयडी, सातबारा चेनवर टाकू नका, नंतर पुसता येत नाही.

धागाकर्ता
जामिनाचं एकदम पटलं, आजच लिहायला घेतो. पण आमच्या भागातला काटेवाला व्यापाऱ्याचाच मेहुणा आहे. त्याच्या सहीचं काय करू?