वय 43, गायनाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा पास. नोकरी सोडून संगीतात यायचं म्हणजे वेडेपणा का?

पिवळी_एक:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे, 19 वर्षं झाली. गाणं शिकायला लागलो चाळिशीत. त्याआधीचा संबंध एवढाच की वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे आणि मी शेजारी टाळ कुटायचो. मुलीला क्लास लावायला गेलो, ती तीन महिन्यांत कंटाळली, मी राहिलो.

गेल्या नोव्हेंबरात प्रवेशिका पूर्ण दिली. केंद्रावर दारातच शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." मी हॉलतिकीट दाखवलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि "बसा काका" म्हणून खुर्ची दिली. बाकी पोरं सतरंजीवर. पास झालो, पण ती खुर्ची काही डोक्यातून जाईना.

अडचण आहे हळदीच्या धुळीची. फेब्रुवारी ते मे आवक जोरात. दिवसभर पोती फुटत असतात, संध्याकाळी खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायला जावं तर खोकलाच लागतो. म्हणजे एप्रिल-मेचं सत्र माझ्यासाठी नाहीच, वर्षाला एकच परीक्षा. पुढच्या पायऱ्या म्हणजे मध्यमाच्या दोन, मग विशारदच्या दोन. मध्ये कुठे गचकलो नाही तर 47 व्या वर्षी विशारद. पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर धरून गातो. विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, नुकतंच सुरू झालंय, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरताना अजून अंदाज चुकतो.

रियाजाला वडिलांचीच पेटी माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतली. हात कितीही धुतले तरी बोटांची हळद जात नाही. पांढऱ्या पट्ट्या सगळ्या पिवळ्या पडल्यात. आमच्या घरात पांढरी एक नाही, पिवळी एक आहे.

प्रश्न असा की विशारद करून क्लास काढला तर घर चालेल का? मुलगी आठवीत, घराचे हप्ते अजून 6 वर्षं. ओळखीचे एक बुवा म्हणाले, "या वयात गळा वळत नाही, छंद म्हणून ठेवा." छंदच ठेवायचा तर एवढ्या परीक्षा कशाला? खरं काय ते सांगा, गोड नको.

रियाजी_पलूस:
मनावर घ्या, होतंय की! वसंतराव देशपांडे मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरीच करत होते. शुभेच्छा.

लेहरेवाली:
वसंतरावांचं नाव अशा धाग्यावर दर वेळी निघतं. नोकरी करत होते हे खरं, पण गात होते लहानपणापासून. त्यांनी उशिरा सोडली ती नोकरी. आपल्यासारख्यांनी त्यांच्या आड लपू नये.

दादा, मी विश्रामबागेत पेटी शिकवते. 36 व्या वर्षी पहिल्यांदा पेटीवर बोट ठेवलं, 45 ला क्लास काढला. सध्या 14 मुलं, महिन्याला 600 रुपये. गुणाकार तुम्हीच करा, दिवाणजी आहात. त्यातून मे महिन्यात निम्मी आजोळी जातात आणि दहावी आली की आई-बापांना पहिली आठवते ती पेटी बंद करायची. घरात दुसरा पगार आहे म्हणून माझं भागतं. तेव्हा हप्ते फिटेपर्यंत पेढी सोडू नका. कॉलेजात शिकवायची आशा असेल तर विशारदवर निभत नाही, एम.ए. आणि वर नेट-सेट लागतं. आणि क्लासला मुलं येतात ती प्रमाणपत्र बघून नाही. शेजारणीचं पोर स्नेहसंमेलनात बरं वाजवतं, म्हणून येतात.

पण तुमचं लिखाण वाचताना एक जाणवलं. गळ्याबद्दल लिहिलंत तिथे नुसती तक्रार आहे, पेटीबद्दल लिहिलंत तिथे हसलात. धूळ घशाला बाधते, बोटांना नाही. आपल्याकडे तबल्याचे क्लास भरपूर आणि परीक्षेच्या तोंडावर प्रत्येकाला लेहरा, म्हणजे तबल्यामागे पेटीवर तीच ती सुरावट, धरणारं माणूस हवं असतं. ॲप आहेत हो, पण ॲप पोराकडे बघत नाही. तीनतालात चंद्रकंस रागाची एकच ओळ, 16 मात्रा, अशी वीस मिनिटं. पोरगं रेल्यात, म्हणजे जलद बोलांत, धावणार, तीनदा वाजवून समेवर यायची तिहाई चुकवणार, मग तुमच्याकडे बघणार. तुम्ही हलायचं नाही. इथे गळा वळावा लागत नाही, लय लागते आणि कंटाळा न येणारं माणूस लागतं. 19 वर्षं रोजमेळ लिहिलेल्याला आणखी काय सांगू? रविवारी एका क्लासात जागा आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

तंबोरा_मिरज:
ताईंचं पटलं, पण गाणं सोडू नका काका. मी सतारमेकर गल्लीतला. रियाज पेटीवर करताय, हितंच चुकतंय. पेटीचा सूर ठरीव. गळा त्याला टेकून बसतो, आपला आपण सूर शोधत न्हाई. तंबोऱ्यावर गावा. नवा घ्या म्हणत न्हाई, जुना चालतोय, भोपळा तडकलेला नसला म्हंजे झालं. जवारी काढून घ्या, म्हंजे घोडी घासून तारंचा झंकार नीट करून घ्या. घोडीवर तार कशी टेकती आणि खालचा दोरा किती सरकवायचा, सगळी आस, म्हंजे सुराची गुंज, त्याच्यावर. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तवापास्नं फोटो काढायला लई लोक येत्यात, तंबोरा घ्यायला तेवढी न्हाईत, ते असू द्या. हितं दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर हाय, उरुसात गाणं असतंय. या एकदा, पुढं बसा. तिथं कोण वय इचारत न्हाई.

सातारी_तबला:
लेहरेकऱ्याची चणचण साताऱ्यातही तीच. एक सांगतो: डाव्या हाताकडे लक्ष द्या. नवीन माणूस उजव्या हाताची बोटं बघत बसतो आणि डाव्या हातानं हलवायचा पेटीचा भाता अडखळतो. भाता अडखळला की तबलजीच्या पोटात गोळा येतो.

पिवळी_एक (तीन आठवड्यांनी):
सगळ्यांचे आभार. पेढी सोडत नाही, बायकोनं लेहरेवाली ताईंना खास नमस्कार सांगितलाय. मध्यमाचा फॉर्म मात्र भरणार, नोव्हेंबरचाच. तंबोऱ्यासाठी मिरजेला एकदा जाऊन आलो. किमती ऐकून चहा पिऊन परतलो, जुना कुणाकडे असेल तर कळवा.

रविवारी ताईंनी सांगितलेल्या क्लासात गेलो. बसायला सतरंजी होती. समोर दहावीतला पोरगा, तबल्याच्या विशारदची तयारी करतोय. वीस मिनिटांचं ठरलं होतं. सातव्या मिनिटाला तो धावला, मी पण त्याच्यामागे धावलो, सर नुसते हसले. पुन्हा पहिल्यापासून. अकराव्या मिनिटाला भात्यावरचा हात असा भरून आला की मीच थांबलो. पोरगं म्हणालं, "काका, समेवर तरी थांबायचं."

गुरुवारी परत बोलावलंय. सौदे आटपून साडेसातपर्यंत पोचेन म्हटलंय.