कान झाकावेत की कानात घालावे?

ठाणेकर:
‘रोजच्या ऐकण्यासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोनच घ्यावेत, इअरफोन म्हणजे कानांवर अत्याचार,’ असा निकाल पार्लेकरांनी काल परस्पर देऊन टाकला. तो वातानुकूलित खोलीत बसून दिलेला असावा. मे महिन्यात ठाण्याहून सकाळची जलद लोकल पकडली, की भायखळा येईपर्यंत हेडफोनच्या त्या रेक्झिनच्या गाद्यांखाली घामाच्या धारा लागतात, आणि हेडफोन काढून ठेवावे म्हटले तर बॅग दोन माणसांच्या मध्ये अडकलेली असते. आपल्या दमट हवेत गाद्यांवरचे कृत्रिम चामडे सुटते ते वेगळेच. ऑफिसच्या लिफ्टमधील आरशात कानाच्या पाळीला चिकटलेले काळे पापुद्रे दिसले, त्या दिवशी माझी जोडी कपाटात गेली. वजनाचेही पाहावे. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ ग्रॅमच्या आसपास, तर पहिल्या पिढीच्या एअरपॉड्स या इअरफोनचा एक नग ४ ग्रॅमचा होता. मानेला हा फरक कळतो.

पार्लेकर:
वजन किती, यापेक्षा ते टेकते कुठे, हे महत्त्वाचे आहे. २५० ग्रॅम डोक्यावरच्या पट्टीवर आणि कानांभोवती विभागले जातात. इअरफोनची सिलिकॉनची टोपी मात्र कानाच्या नळीतील नाजूक त्वचेवरच दाबून बसते. नळी तासन्‌तास बंद राहिली की आत ओलावा साचतो आणि खाज सुरू होते. माझ्या कानाच्या डॉक्टरांनी पावसाळ्यात मला ते इअरफोन घालण्यास साफ मनाई केली आहे. शिवाय कान असे बुजवले, की स्वतःची पावले आणि चघळण्याचा आवाज डोक्यात घुमतो. घामाचा मुद्दा मान्य, पण त्यासाठी कापडी गाद्या मिळतात, हे ठाणेकर सोयीस्करपणे विसरले.

चष्मेवाली:
दोघांनीही चष्मा लावणाऱ्यांचा विचार केलेला नाही, आणि तो कुणी करतही नाही. मोठ्या हेडफोनच्या गाद्या चष्म्याच्या काड्या कानशिलांत रुतवतात. शिवाय काडीमुळे जी फट राहते, तिच्यातून खालचे स्वर निसटतात आणि बाहेरची घरघर आत येते. म्हणजे पैसे नॉइज कॅन्सलिंगचे, अर्थात बाहेरचा आवाज दाबण्याच्या सोयीचे मोजायचे आणि ऐकायची लोकलच. माझ्याकडे कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा हेडफोन आहे. हे मॉडेल १९८४ पासून बाजारात आहे, हलके आहे आणि त्याचे फोम कानावर नुसते टेकतात. अर्थात, त्यातून शेजाऱ्यालाही गाणे ऐकू जाते.

ठाणेकर:
शेजाऱ्याची चिंता आमच्या डब्यात कुणी करत नाही. तिथे भजनी मंडळ टाळ वाजवत असते आणि त्यापुढे महागड्यातले महागडे नॉइज कॅन्सलिंगही हात टेकते.

कल्याणचा टाळकरी:
भजनाला गोंगाट म्हणण्याआधी आपण त्याच डब्यात उभे असता, याचे भान ठेवावे. आमचे मंडळ आपल्या हेडफोनच्या कितीतरी आधीपासून या मार्गावर आहे. मोबाइलवर मोठ्याने रील लावणाऱ्याला आपण कधी हटकले आहे काय? आमच्याकडे निदान ताल तरी असतो.

चष्मेवाली:
टाळकरी भाऊ, राग बाजूला ठेवून यातील तांत्रिक भाग पाहावा. नॉइज कॅन्सलिंगचे तंत्र बाहेरच्या ध्वनिलहरीच्या उलटी लहर निर्माण करते आणि म्हणूनच ते संथ, सलग, खालच्या स्वराच्या आवाजावर उत्तम चालते. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी हेडसेट आणला. नजरेसमोर विमानाची घरघर होती, टाळ नव्हे. टाळाचा आवाज तीव्र आणि अचानक असतो. तो अडवायचा तर कान नीट बंद होणे हाच उपाय आहे, मग ते गादीने होवो वा टोपीने.

कल्याणचा टाळकरी:
म्हणजे विज्ञानही आमच्या बाजूने आहे. आभारी आहे.

पार्लेकर:
विज्ञानाचेच बोलायचे, तर जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. सैल बसणारा इअरफोन किंवा उघडा फोम लावून लोकलशी स्पर्धा करणारा माणूस आवाज वाढवणारच. घरी पोर्टा प्रो खुशाल लावावा. गाडीत मात्र नाही.

ठाणेकर:
इअरफोन सैल बसतो, कारण खोक्यातील लहान-मोठ्या टोप्या लोक उघडूनही पाहत नाहीत. दोन्ही कानांचे माप सारखेच असते, असेही नाही. माझ्या डाव्या कानात मोठी टोपी बसते आणि उजव्यात मधली. एवढे केल्यावर टाळांसकट सगळे मंदावते आणि आवाज अर्ध्याच्या खाली ठेवला तरी पुरतो. बाकी पावसाळ्यात कान खाजत असतील, तर पार्लेकरांनी डॉक्टरांचेच ऐकावे, माझे नव्हे.

पार्लेकर:
मोठी कृपा झाली. पण लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मोठा हेडफोन डोक्यावर चढवून पाहता तरी येतो. कानात घालायची वस्तू मला तिथे कुणी उघडून दिलेली नाही, आणि त्यात दुकानदारांची चूकही नाही. न घालता घेतलेल्या वस्तूला आपण आरामदायी कसे म्हणता?

ठाणेकर:
दुकानात दोन मिनिटे कुठलाही हेडफोन आरामदायीच वाटतो. कानशिले दुखू लागतात ती कुर्ल्यानंतर, आणि तोवर दुकानदाराने बिल फाडलेले असते.