सायकसच्या नव्या पानांवर औषध मारावं की अळ्यांना खाऊ द्यावं?

बाल्कनीकर
दर पावसाळ्यात हेच. सायकस, म्हणजे ते ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, त्याच्या गड्ड्यातून पानांचा नवा झुबका वर येतो आणि तो उलगडायच्या आत निळसर करडी, नखाएवढी फुलपाखरं भोवती घिरट्या घालायला लागतात. प्लेन्स क्युपिड. आठवड्याभरात हिरव्या पानांच्या जागी नुसत्या काड्या. माझं मत सरळ आहे: कोंब दिसला की औषध मारायचं. सायकस म्हणजे जास्वंद नव्हे, छाटली की फुटली. वर्षातून एकदा, फार तर दोनदा पानं येतात, तीही सगळी एकदम. तो झुबका गेला की पुढचं वर्षभर कुंडीत उलटी केरसुणी खोचल्यासारखं दिसतं.

पाखरूवेडी
साफ असहमत. आपण हौसेने आणलेला सायकस रेवोल्यूटा मूळचा दक्षिण जपानचा. फुलपाखरू इथलंच. आपल्या पश्चिम घाटातल्या सायकस सर्सिनॅलिसवरही ते वाढतं, पण ती जात आता धोक्यात आली आहे. मग ते तुमच्या बाल्कनीत आलं तर नवल काय? कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो स्टेटसला ठेवता आणि इथे फवारणीचा पंप!

बाल्कनीकर
कढीपत्ता महिन्याभरात पुन्हा हिरवा होतो हो. तुलनाच चुकीची आहे.

पाखरूवेडी
लंडनच्या क्यू गार्डनमध्ये सायकसचा भाऊबंद, एक एन्सेफॅलार्टोस, १७७५ पासून कुंडीत आहे. इतकी जगणारी झाडं ही. एका वर्षाची पानं गेली म्हणून निरोगी झाड मरत नाही.

बाल्कनीकर
तो काचघरात आहे. तिथे तुमची पाखरं नाहीत.

गच्चीबाग
तुमच्या दोघांच्या भांडणात झाडाकडे कोणी बघतंय का? कोवळी पर्णिका नेच्यासारखी आत वळलेली असते आणि अळी त्या वळणात बसते. शोधायची असेल तर मुंग्या बघा. अळीच्या पाठीवरचा गोड स्राव चाटायला त्या मागेमागे असतात. मुंग्यांची रांग दिसली म्हणजे उशीर झालाच, तेव्हा वरवर फवारून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा कोंब वर येताच काठ्या रोवून मच्छरदाणीचं कापड सोडा. पानं कडक झाली की काढा, जून पानांच्या वाटेला अळ्या सहसा जात नाहीत. मात्र कापड सैल हवं. दाबून बांधलं तर पानं वाकडी जून होतात, ती पुन्हा सरळ होत नाहीत. याच दिवसांत कुंडी फिरवायचीही नाही. आणि मातीवर पोवळ्यासारखी मुळं दिसली तर रोग समजून खरवडू नका. त्यातले सूक्ष्मजीव झाडाला नत्र पुरवतात.

बाल्कनीकर
कुंडीला ठीक. सोसायटीच्या लॉनवर पाच फुटी सायकस आहेत, त्यांना मच्छरदाणी लावायची? समितीचे लोक हसतील.

पहिला मजला
लॉनवर मुळात हवेतच कशाला? झाडाचा प्रत्येक भाग विषारी. मादी झाडाच्या शेंदरी बिया तर सगळ्यात वाईट, कुत्र्याने एक-दोन चघळल्या तरी यकृत जाऊ शकतं. आणि रोप नर की मादी हे नर्सरीवालाही सांगू शकत नाही, तुरा किंवा शंकू आल्यावरच कळतं. आमच्या इमारतीत सगळी पोरं आणि कुत्री तिथेच खेळतात. वर त्याच पानांवर तुम्ही कीटकनाशक मारणार!

बाल्कनीकर
कण्हेरही विषारी आहे, तरी देवाला वाहतोच की. उपटायची का सगळी?

पहिला मजला
कण्हेर कुंपणाला असते. सायकस लिफ्टच्या दारात, बरोबर कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर. किमान बिया धरल्या की हातमोजे घालून काढून टाका, एवढं तरी करा.

पाखरूवेडी
या मुद्द्यावर पहिल्या मजल्याशी सहमत. आणि पानांवर पांढऱ्या खवलेकिडीचा थर चढला तर खुशाल औषध मारा, ती झाडच संपवते. माझी हरकत फक्त फुलपाखरापुरती आहे.

बाल्कनीकर
बरं, यंदा मच्छरदाणी लावून बघतो. पण कापडाच्या आत एक जरी अळी दिसली तरी मी मारणार.

पाखरूवेडी
दोन कुंड्या आहेत ना? एक झाका, एक सोडा.

बाल्कनीकर
सोडेन. पण दारातली नाही, मागच्या बाल्कनीतली.