मदत हवी आहे : चेंडूची उसळी मुलांना कागदावर कशी शिकवावी?
सातवीची मुलं स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं मुलांचं सॉफ्टवेअर) १० सेकंदांचं अ‍ॅनिमेशन करताहेत. आधी ६ चौकटींचा स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमवार चित्रं), प्रत्येक चौकटीखाली सेकंद. पात्र चालताना थरथरतं, कारण नव्याने काढलेल्या कॉस्च्यूमचा (पात्राच्या एकेका चित्राचा) मध्यबिंदू सरकतो. आधीचाच डुप्लिकेट करून फक्त हातपाय बदलले की प्रश्न मिटतो.

खरी अडचण चेंडूची. 'ग्लाइड' ब्लॉक त्याला एकसारख्या वेगाने नेतो, म्हणून उसळी खोटी वाटते. चेंडू वर हळू आणि जमिनीपाशी वेगात असतो, म्हणून एकामागच्या एक चित्रांत त्याच्या जागा वर दाट आणि जमिनीपाशी विरळ हव्यात. मुलांना हे तोंडी पटतं, पण काढायला बसली की अंतरं सारखीच पडतात. गुरुत्वाकर्षणाचं सूत्र इतक्यात नको. आधी डोळ्यांना दिसायला हवं.

३५ मिनिटांच्या तासिकेत बसेल असा सराव कुणी घेता का? पट्टीवरच्या खुणा, फ्लिपबुक, काहीही चालेल. एका उसळीला किती चित्रं काढून घेता, तेही सांगा.