अण्णांना चालवायचं की घरात बसवायचं? मदत हवी आहे

वडगाव, बेळगावहून लिहितोय. आमचे अण्णा ७४ वर्षांचे, चाळीस वर्षं मागावर काढलेली. गेल्या दिवाळीपासून विसरायला लागले. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा जेवून उठले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "आज जेवायला वाढणार नाहीस काय?" आईला थट्टाच वाटली.

तपासण्या झाल्या. ब-१२ कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, थायरॉईड ठीक आहे. एमआरआय बघून अल्झायमर सांगितला, गोळी चालू केली. आम्ही उठताना डॉक्टर म्हणाले, "रोज चालवा त्यांना, मेंदूला चांगलं." किती, कसं, कशासाठी, विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.

मी मनावर घेतलं. गाडीवर बसवून रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर न्यायचो, दोन फेऱ्या मारायचो. महिनाभर झकास चाललं. मग एके दिवशी मला लवकर कामावर जायचं होतं, अण्णा एकटेच बाहेर पडले. साडेदहाला येळ्ळूर रोडला शिवाराच्या कडेला सापडले, चपला उलट्या पायात. म्हणाले, "पहिल्या पाळीला उशीर झाला रे." तो कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झालीत.

तेव्हापासून आईनं अण्णांचं चालणं बंद केलंय. ती कामाला बाहेर पडली की दाराला बाहेरून कडी.

चालल्यानं हा आजार खरंच मागे हटतो काय? आणि परवा शेजारच्या मागावर धागा तुटला तर अण्णांनी न बघता गाठ मारली. मग विसरतात ते काय? मी स्वतः ४८, शुगर काठावर. माझंही असंच होणार काय, हाही प्रश्न आहेच.

हिंडलग्याची सून:
सासूबाईंचं सहा वर्षं केलंय, म्हणून स्पष्ट सांगते. मागे हटत नाही. इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ४९४ रुग्णांवर प्रयोग झाला, त्यातल्या काहींकडून चार महिने चांगला दमवणारा व्यायाम करून घेतला. २०१८ साली निकाल आला: अंगात ताकद आली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही. तेव्हा त्यांना घाम काढायला लावू नका.

पण चालणं बंदही करू नका. आमच्याकडे बंद केलं आणि सासूबाई दिवसा झोपायच्या, रात्रभर घर फिरायच्या. सोबत कुणीतरी, वेळ तीच, रस्ता तोच. बाहेरून कडी नको हो, गॅस पेटला तर? दाराला घुंगरू बांधा. खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. सापडणारा कुठली भाषा वाचतो कुणाला ठाऊक.

गाठीचं म्हणाल तर हातांना बसलेली सवय मेंदूत वेगळ्या जागी असते, ती बरीच उशिरा जाते. शेजाऱ्यांना सांगून कांड्या भरायला बसवा की. अण्णांना मान वाटेल.

खानापूरकर:
तुमच्यासाठी लिहितो, अण्णांचं वरती आलंच आहे. २०११ साली अमेरिकेत १२० धडधाकट वयस्कांचा अभ्यास झाला. वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवणारा भाग, सुमारे २ टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा आकसला. शिवाय चालण्यानं बीपी-शुगर आटोक्यात राहते, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या टिकतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली, त्यात शुगर आहे, बैठं राहणं आहे. ती सगळी हटवली तर निम्म्याला थोडे कमी रुग्ण टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब. हमी नव्हे. पण चाळिशी-पन्नाशीत सुरू केलेलं उपयोगी पडतं.

त्याच यादीत बहिरेपणही आहे. चाळीस वर्षं मागाचा खडखडाट! अण्णांना ऐकू किती येतं, कुणी तपासलंय काय? अर्धं विसरणं हे मुळात न ऐकणंही असू शकतं. आणि जमलं तर एकदा धारवाडच्या डिम्हान्सला, म्हणजे तिथल्या मेंदू-मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत, दाखवा.

धागाकर्ता:
कानाचं कुणी बोललंच नव्हतं. आमच्याकडे टीव्ही गल्लीच्या टोकाला ऐकू जातो, आम्ही म्हणायचो मागवाल्यांची सवय. सोमवारी नेतो. आईनं कडी काढली, घुंगरू आजच बांधलं, बैलपोळ्याचं जुनं होतं.

सूनबाई, चिठ्ठीत कन्नडमध्ये नुसतं "मरेवु" लिहिलं तर पुरे काय? की आजाराचं नाव लिहू? अण्णांना कन्नड वाचता येतं अजून, म्हणून विचारलं.