इटली: आठ जण, ट्रेन की भाड्याची गाडी?

गोदाकाठ:
‘आठ जण असाल तर ट्रेनच्या भानगडीत पडूच नका. नऊ सीटर घ्या, रोम ते व्हेनिस राजासारखे फिरा. ट्रेनवाले म्हणजे बॅगा ओढणारे हमाल.’ मोकाट यांचा हा फतवा वाचला आणि राहवलं नाही.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस करायचं तर गाडी हवी कशाला? रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून फ्रेच्चारोसा किंवा इतालो ही फास्ट ट्रेन दीड तासाच्या आसपास फ्लॉरेन्सला सोडते, तीही सान्ता मारिया नोव्हेल्ला या शहरातल्या स्टेशनला. तिथून दुओमो, म्हणजे मुख्य चर्च, चालत जाण्यासारखा. गाडीने तेच पावणेतीनशे किलोमीटर, टोल वेगळा, वर पार्किंग शोधा. व्हेनिसमध्ये तर शहराच्या तोंडाशी असलेल्या पियात्साले रोमा चौकाच्या पुढे चाक जातच नाही. म्हणजे राजेसाहेब वापोरेत्तोत, म्हणजे पाण्यावरच्या बसमध्ये, आणि रथ गॅरेजमध्ये, दोन्हीकडे मीटर चालू. आणि आठ माणसं बसल्यावर मागे आठ मोठ्या बॅगा कुठे मावतात? टपावर बांधणार, लग्नाच्या वऱ्हाडासारख्या?

मोकाट:
अहो, तीन शहरं म्हणजे इटली नव्हे. टस्कनीतली पिएन्झा, मोन्तेपुल्चानो ही गावं, ती सगळी वाल दोर्चाची दरी ट्रेनने करून दाखवा. सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही. पोज्जीबोन्सीला उतरा, बसची वाट बघा. सोबत गुडघे दुखणारी सासू असली की कळतं.

आणि स्वस्तात काढलेली तिकिटं बदलून मिळत नाहीत. आठांत एक तरी माणूस असा असतोच, ज्याला निघायच्या वेळी पासपोर्ट सापडत नाही. ट्रेन सुटली की आठही तिकिटं पाण्यात. संपाबद्दल तर बोलतच नाही.

ज्वारीची_भाकरी:
बोला की! संप आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडाव्याच लागतात. उगाच बाऊ.

मोकाटदादा, गाडीचं खरं बिल तुम्हाला अजून आलेलं दिसत नाही. आमच्या नंदेच्या यजमानांनी चालवली होती. पिसा, सिएना, फ्लॉरेन्स, कुठेतरी ‘झेडटीएल’च्या, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागाच्या, कॅमेऱ्याखालून गेले. दिवाळीच्या तोंडावर क्रेडिट कार्डातून भाड्याने गाडी देणाऱ्यांनी आधी नुसते ‘तुमचं नाव पोलिसांना कळवलं’ याचे पैसे कापले, मग दंडाचं पत्र आलं. एकेक ८० युरोंच्या वर, आणि कॅमेरे मोजून. दंड वाटून घ्यायला पत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाचला, एकानेही उत्तर दिलं नाही.

दादर_पश्चिम:
देतील कशाला? चालवणाऱ्याने पाटी बघायची असते. मुंबईत सिग्नल तोडला तर रिक्षावाला पावती पॅसेंजरकडून घेतो का?

ज्वारीची_भाकरी:
रिक्षावाला भाडं घेतो हो! हे फुकट चालवत होते. आणि मागून ‘हॉटेल इथेच दिसतंय मॅपवर, घ्या आत’ असं ओरडणारे कोण होते, तेही सांगते हवं तर. निघण्याआधी ठरलं होतं, आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना चौघं काढतील. काढला एकाने. डिपॉझिटला कार्ड त्याचंच अडकलं, टस्कनीत जेवताना वाईन नाही, घाटात झोप नाही. आणि दंडही त्यानेच भरायचा?

दादर_पश्चिम:
फ्लॉरेन्समध्ये हॉटेलवाल्याला गाडीचा नंबर कळवला की तो झेडटीएलची परवानगी काढून देतो. विचारलं नाही, हा कुणाचा दोष?

कऱ्हेपठार:
दादर पश्चिम, तुम्ही कधी ग्रुपमध्ये गाडी चालवली आहे का? की कायम मागच्या सीटवर चकल्या?

दादर_पश्चिम:
वैयक्तिक होऊ नका. आणि हो, मागच्याच सीटवर. डाव्या बाजूचं स्टिअरिंग मला झेपत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून बसतो. ज्याला झेपत नाही त्याने हिरोगिरी करू नये.

मोकाट:
दंड ट्रेनमध्येही होतो बरं का. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी मशीनमध्ये घालून शिक्का मारला नाही की टीसी हसत हसत पावती फाडतो.

गोदाकाठ:
एका तिकिटाचा शिक्का आणि कॅमेऱ्यांची माळ एकाच पारड्यात? चिंक्वे तेर्रेला, त्या समुद्रकाठच्या पाच गावांना, गाडीने गेला होतात का? ला स्पेझियाहून लोकल गावागावांत थांबते, आणि गाडीवाले वर डोंगरात पार्किंगसाठी घिरट्या घालतात.

मोकाट:
बरं बाबा, चिंक्वे तेर्रे तुमचं. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसही घ्या, ट्रेनने जा, सुखी व्हा. पण टस्कनीपुरती गाडी घ्यायचीच. फ्लॉरेन्सच्या विमानतळावरून उचला, तिथेच परत करा, शहरात शिरूच नका. एका नऊ सीटरऐवजी दोन लहान गाड्या घ्या, म्हणजे बॅगाही मावतील आणि सासू-सून वेगळ्या बसतील.

गोदाकाठ:
म्हणजे मी म्हणत होतो तेच, फक्त तुमच्या तोंडून. आभार.

कऱ्हेपठार:
दोन गाड्या म्हणजे परवाने काढणारे दोन वेडे शोधा आता. आणि दंडाचं आधीच ग्रुपवर लिहून घ्या: सगळ्यांत समान.

ज्वारीची_भाकरी:
लिहून घेतलं होतं. तो मेसेज आता ‘डिलीटेड’ दिसतोय.