परमिट रूममधली जेवणं: तुमचेही अनुभव येऊ द्या

रंकाळ्याकाठी
गेल्या आठवड्यात पुण्यात मेव्हण्यानं एका चकाचक ठिकाणी नेलं. बिलात मसाला शेंगदाणे १६० रुपये. शेंगदाणे! पैसे तो भरत होता म्हणून गप्प बसलो, पण तेव्हापासून डोक्यात आमची कोल्हापुरातली, लक्ष्मीपुरीतली जागा फिरतीय.

विद्यापीठात होस्टेलला होतो. रविवारी रात्री मेस बंद, त्यामुळं जाणं भागच (असं आम्ही घरी सांगायचो). वर्गणी काढून क्वार्टरी, ज्याला झेपत नाही त्याला थम्सअप. ताटं मात्र माणसांपेक्षा कमी, कारण रस्सा पाहिजे तेवढा मिळायचा. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्यावर वाट्या चकणा म्हणून रिचवायचो. वाढपी मामा पातेलं घेऊन यायचा आणि म्हणायचा, "पोरांनू, बोकड एकच कापलाय आज."

त्याची हिशेबाची पद्धत और होती. बाटली फोडली की झाकण शर्टाच्या खिशात. उठायच्या वेळी सगळी झाकणं टेबलावर ओतायची आणि बोटानं एकेक सरकवत मोजायची. रेक्झिनवर सांडलेल्या तर्रीतनं ती झाकणं सरकायची, मागं लाल रेघा. त्यापुढं वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

लिहा तुमचंही.

पेठेतला_पाव्हणा
शेंगदाण्याला पैसे?? मेव्हणा बदला

सुगरण_नाही_मी
आम्ही मैत्रिणी पण जायचो बरं का. "फॅमिली रूम" म्हणजे प्लायवूडचा कप्पा आणि त्याला मळका पडदा. पहिल्यांदा गेलतो तर वेटर विचारतोय, "सोबत कोण येणार हाय?" म्हटलं कोण नाही, आम्हीच. तो गेला आणि मालकाला घेऊन आला. मालकानं आमच्याकडं बघितलं, मग वेटरकडं बघितलं, आणि म्हणाला, "ऑर्डर घे की मग." विषय संपला.
बियर स्टीलच्या ग्लासात यायची, बाटली टेबलाखाली. वेटर आत यायच्या आधी पडद्याबाहेर खोकायचा. एवढा खोकायचा की आम्ही त्याला खोकल्याचं औषध आणून दिलतं. निघताना मालक स्वतः रिक्षा थांबवून द्यायचा आणि रिक्षावाल्याला दम भरायचा. तसली काळजी नंतर कुठल्या एसी हॉटेलात बघितली नाही.

कट्ट्यावरचा
@सुगरण_नाही_मी औषधाचं लई भारी 😂

गल्ला_सांभाळणारा
दुसऱ्या बाजूनं लिहितो. वडिलांची खानावळ होती, पुढं परमिट रूम झाली. कॉलेज सुटलं की मी गल्ल्यावर.
फुकट चकणा म्हणजे दानधर्म नव्हता भावांनो. खारे दाणे खाल्ले की तहान लागते, तहान लागली की अजून एक. रश्श्याचंही तसंच, मटण शिजवताना अळणी (मटणाचं पाणी) निघतंच, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू गेले की पांढरा तयार. पैसा सुटायचा तो बाटलीत. नुसतं ताट खाऊन जाणारं गिऱ्हाईक वडिलांना फार आवडायचं नाही, पण त्यालाच सगळ्यात आधी गरम भाकरी जायची, हेही खरं.
लोकं म्हणतात मजा. मजा तुमची. शेवटचं टेबल उठेना म्हणून पंखे बंद करायचे, एकेक दिवा घालवायचा, तरी "अजून एक नाईन्टी" सुरूच. ते गेले की फरशी धुवायची आणि मग आमची कामावरची पोरं जेवायला बसायची. तोवर मटण संपलेलं असायचं. तांबडा आणि भात. मी पण तेच खाल्लंय आणि अजून मला तांबडा-भातच आवडतो.

रंकाळ्याकाठी
@गल्ला_सांभाळणारा शेवटचं टेबल बहुतेक आमचंच असणार. पंखा बंद झाला की आम्हाला वाटायचं लाईट गेली.

कागलकर
एप्रिल २०१७. हायवेपासून पाचशे मीटरच्या आत दारू बंद, असा सुप्रीम कोर्टाचा आदेश आलेला. आम्ही पेपर न वाचणारी माणसं. भाऊजींच्या प्रमोशनची पार्टी, नेहमीच्या ठिकाणी थाटात गेलो. वेटरनं टेबल पुसलं आणि विचारलं, "सोलकढी का ताक?" भाऊजींचा चेहरा!! जेवण मात्र त्या दिवशी जेवढं चवीनं झालं तेवढं कधी झालं नव्हतं, हे भाऊजींसमोर बोलायची सोय नाही.

पेठेतला_पाव्हणा
लहान गावांना २२० मीटर होतं न्हवं?

कागलकर
व्हय, वीस हजाराच्या आत वस्ती असेल तर. टेप घेऊन मोजत बसलेली माणसं बघितल्यात मी.

वकीलसाहेब_नाही
मुळात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे म्हणून परवाना लागतो. बियरला २१ वर्षं, बाकी कडक मालाला २५. एक दिवसाचं परमिट पाच रुपयांचं. तुमच्यातल्या किती जणांनी फाडलंय?

कट्ट्यावरचा
आले साहेब. नाव वाचूनच कळालं

आई_झाले_आता
धाग्याशी संबंध नाही, पण @गल्ला_सांभाळणारा दादा, पांढरा रस्सा परत गरम केला की माझा फाटतो. काय करू? सासूबाईंना विचारायचं नाहीये.

गल्ला_सांभाळणारा
ताई, नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, आच बारीक, उकळी फुटू द्यायची नाही, ढवळत राहायचं. उरणार असेल तर अळणी वेगळं ठेवा, पाहिजे तेवढ्यातच दूध घाला.

सुगरण_नाही_मी
कोकम, लिंबू काही लावू नका त्याला. शेजारणीनं लावलंतं.

दूधकट्टा
आमच्यातला एक जण (आता मोठ्या हुद्द्यावर आहे, नाव सांगत नाही) संध्याकाळीच बसलेला. पोटभर सुक्कं, वर रस्सा, वर बियर. बाहेर पडल्यावर म्हणे दूध पाहिजे, उतारा असतो. गेलो गंगावेशीत. म्हैस समोर, धार चालू, फेसाचा ग्लास हातात. गड्यानं एका दमात संपवला, मिशीला फेस, म्हशीला नमस्कार केला, आणि पुढं पाचच पावलं गेला असेल. धारवाला गवळी शांतपणे म्हणाला, "पैसे आधी घ्यायला पाहिजे व्हते."

पेठेतला_पाव्हणा
मेलो 😂😂 म्हशीला नमस्कार

कट्ट्यावरचा
आमच्याकडं शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच असली की बसायची जागा बदलायला लागायची. दोन पेठांची माणसं एकाच बारमध्ये म्हणजे मालकच शटर अर्धं ओढून घ्यायचा. हरलेल्यांच्यात बसलं की बिल कमी यायचं पण. कुणी जेवायचंच नाही.

कागलकर
यंदा आषाढात कोण कोण आहे? श्रावण लागला की घरातनं बाहेर सोडत नाहीत.

रंकाळ्याकाठी
मी आहे. जागा @गल्ला_सांभाळणारा ठरवणार.

गल्ला_सांभाळणारा
ठरवतो. पण बुधवारी या, रविवारी कुठं बसायला जागा मिळायची नाही. आणि दहाला उठायचं.

आई_झाले_आता
दादा, जमला बघा रस्सा! फाटला नाही. सासूबाईंनी वाटी परत पुढं केली. आता तांबड्याची तर्री वर कशी आणायची तेवढं सांगा.